चौपन्न फुटांचा बुर्ज

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो. दाखल्यावर पासष्ट आहे, पण तो मास्तरांनी अंदाजाने लिहिलेला, आणि तिसरीनंतर मी त्या शाळेत पाय ठेवला नाही, मग दुरुस्त कोण करणार? आई सांगायची ते वय खरं.

धंदा मांडवाचा. बांबू आणि काथ्या. बदलापूरच्या अलीकडे आमचं गाव, तिथली भातशेती रस्त्यात आणि बिल्डिंगीत गेली, तेव्हापासून अंबरनाथला राहतो. चाळीस वर्षं गणपतीचे देखावे बांधले. देवळं बांधली, किल्ले बांधले, राजवाडे बांधले, एका वर्षी आगबोट बांधली. नकाशा कधी घेतला नाही. फोटो बघायचा, घटकाभर डोळे मिटून बसायचं, मग बांबू मोजायला लागायचं.

त्या वर्षी उल्हासनगर कॅम्प चारच्या एका मंडळाचा अध्यक्ष मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. सिंधी माणूस, कापडाचा दुकानदार, तोंडाने गोड. त्याने बोटाने एकामागून एक फोटो सरकवले. मलेशियाच्या दोन जुळ्या इमारती, मक्केची घड्याळवाली, चीनमधली पिळलेल्या कपड्यासारखी. सगळ्यात शेवटी दुबईची.

"काका, ये देखो. दुनिया में सबसे ऊँचा. बुर्ज. आठशे मीटरच्या वर आहे. आपल्याला हाच पाहिजे."

"आठशे मीटर बांधू?"

"अरे साईं, मजाक नको. गल्लीत मावेल तेवढा बांधा."

मी हिशेब केला. त्यांच्या पन्नास फुटांना आपला एक फूट धरला तर चौपन्न फूट होतो. गल्लीत मावत होता. वरून विजेच्या तारा गेल्या होत्या, त्यांना चुकवून मावत होता.

बुर्ज दिसायला सोपा वाटतो, पण बांधायला वाईट. देवळाला खांदे असतात. शिखर बांधलं की त्याच्या खांद्यावर पाय देऊन माणूस बाहेर येतो आणि बाहेरच्या बाजूने उतरतो. बुर्जाला खांदाच नाही. जितकं वर जाल तितका तो निमुळता होतो, आणि टोकाला नुसती सुई. ती सुई बघून मी मुलाला विचारलं, "ही एवढ्या वर चढवली कशी?" मुलगा माझ्याबरोबरच काम करतो, पस्तिशीचा आहे, बारावी झालेला. त्याने मोबाईलमध्ये शोधून वाचून दाखवलं. म्हणे ती सुई इमारतीच्या आतच जोडली आणि आतूनच वर ढकलली.

ते मला फार आवडलं. म्हटलं, आपणही तसंच करू. बाहेरून परांची बांधायला गल्लीत जागा नाही, तारा आहेत. सगळं आतून करू.

मुलगा म्हणाला, "बाबा, मग पट्टा लावा. सेफ्टीचा. टोकाला मी जातो नाहीतर."

तेव्हा खाली आमची सहा माणसं होती, मंडळाची पोरं होती, अध्यक्ष खुर्चीवर बसून चहा पीत होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला. मी मोठ्याने बोललो, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पट्टा कुत्र्याला लावतात. चाळीस वर्षं स्वतः चढलो, स्वतः उतरलो. ज्या दिवशी मला बांबूवरून उतरवायला दुसरा माणूस लागेल, त्या दिवसापासून मी काथ्याला हात लावणार नाही."

एक कामगार म्हणाला, "मिस्त्री, लिहून देता का?"

"लिहिता येत असतं तर तुझ्याबरोबर बांबू उचलले असते का?" मी म्हटलं. सगळे हसले. पण बोललेलं बोललो होतो. माझ्या शब्दावर आजवर मंडळं लिखापढी न करता काम देत आली, ती काय उगाच नाही.

तीन दिवसांनी टोक बांधायचा दिवस आला. चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती, पण गणपती आणायचा आदल्या दिवशी, म्हणजे त्याच संध्याकाळी सहाला तो वाजतगाजत येणार होता. सकाळी दहापर्यंत चारही बाजूंना चंदेरी पत्रे बांधून झाले होते, सगळे आतून. बाहेरून तो खरोखर बुर्ज दिसत होता. आतून मात्र ती बांबूची विहीर होती. खाली आठ हात रुंद, वर जाता जाता अडीच हात. दीड-दीड फुटावर आडवे बांबू, त्यांच्यावरूनच चढायचं.

मी वर गेलो. खालून तीन माणसांनी सुई ढकलत आणली, मी वरच्या भोकातून ती बाहेर काढली. नऊ फुटांची सुई बाहेर उभी राहिली तशी गल्लीतून आरोळी आली. मी तिला तात्पुरती अडकवली आणि तिच्या पायाखाली कैची बांधली. कैची म्हणजे दोन बांबू तिरके, फुलीसारखे, आणि त्यांच्यावर पुन्हा दोन. सुईचा सगळा भार त्या फुलीवर येतो. मग त्याच फुलीवर उभा राहून मी सुईच्या कमरेला शेवटची गाठ मारली.

आमच्यात एक रीत आहे. माझ्या गुरूने मला लावली, मी माझ्या माणसांना लावली. शेवटची गाठ मारली की मिस्त्री कोयता दोरीने खाली सोडतो. म्हणजे आता काही कापायचं उरलं नाही. खालचे लोक त्या कोयत्याला हळद-कुंकू लावून बाजूला ठेवतात आणि विसर्जन होईपर्यंत त्या मांडवाच्या काथ्याला पातं लागत नाही. एकदा एका पोराने लोंबणारं टोक नुसतं ब्लेडने छाटलं होतं, मी त्याला त्याच दिवशी कामावरून काढला होता.

मी कोयता सोडला. खाली नारळ फुटला. "मोरया!" झालं. मी वरून ओरडलो, "जा रे, जेवा आता. मी येतो सावकाश."

मुलगा टेम्पो आणि माणसं घेऊन कॅम्प दोनच्या बाजारात झालर आणायला गेला. आतला आवाज थांबला. मी बिडी काढली, मग आठवलं की आत चारी बाजूंना सुका बांबू आणि काथ्या आहे, पुन्हा खिशात ठेवली. आणि उतरायला खाली बघितलं.

खाली फुली होती.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मी पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला आणि अडला. दुसऱ्या फटीतून टाकला, तोही अडला. मग मी नीट उभा राहिलो आणि चारही बांबू बघितले. ज्या वाटेने मी वर आलो ती वाट मीच बंद केली होती. देवळाच्या शिखरावर चाळीस वर्षं हेच केलं होतं. कळसाच्या पायाखाली कैची बांधायची आणि खांद्यावर पाय देऊन बाहेर पडायचं. हाताने त्याचं काम बरोबर केलं. डोक्याने हाताला सांगायला हवं होतं की बाबा रे, याला खांदा नाही.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, सोडवू एखादी गाठ. पण माझी गाठ ओढली की आवळते. सोडवायची म्हणून मी कधी बांधलीच नव्हती. नखं लावली. दात लावले, दात तरी किती उरलेत. काथ्याचे तंतू जिभेला लागले, गाठ जागची हलली नाही. कोयता खाली, हळद-कुंकू लावलेला. आणि असता जवळ, तरी लावला असता का?

पत्र्याला लाथ मारून बाहेर पडता आलं असतं. पण पत्रा चाळीस फुटांवरून तारांवर पडला असता, नाहीतर कुणाच्या डोक्यात. आणि बुर्जाच्या तोंडावर भोक, गणपती यायच्या दिवशी.

मग मी बसलो. म्हणजे बसायला जागा नव्हती, सुईला पाठ लावून फुलीवर अर्धा उभा राहिलो.

ऊन वर आलं तसे पत्रे तापले. चारही बाजूंनी. हात लावला की चटका. सदऱ्याचं पाणी झालं. दोन पत्र्यांच्या मध्ये बोटभर फट होती, तिथे डोळा लावला की वारा लागायचा, म्हणून मी तिथेच डोळा लावून राहिलो. खाली कॅम्प चारची पत्र्याची छपरं, निळ्या ताडपत्र्या, एका गच्चीवर वाळत घातलेल्या पन्नास-साठ जीन्स. लांब मलंगगड. अंबरनाथच्या पलीकडे बदलापूरच्या नव्या बिल्डिंगी, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माळ्यांच्या, त्यांच्यावर क्रेन. त्यातली एक आमच्या खाचरात उभी आहे. कुठली ते नक्की सांगता येत नाही, सगळ्या सारख्याच दिसतात.

दुबईच्या त्या सुईचा शेवटचा बोल्ट ज्याने लावला तो आठवला. म्हणजे त्याला मी कुठे बघितलाय, पण आठवला. तिथेही आपल्याकडचीच माणसं कामाला होती म्हणतात. तो उतरला कसा? त्याला कुणीतरी आधी विचारलं असेल, तू उतरणार कसा. मला कुणी विचारलं नाही. विचारलं होतं. पट्ट्याचं विचारलं होतं, आणि मी कुत्रा म्हणालो होतो.

मोबाईल खिशात होता. मुलाचा नंबर फोटोवर बोट ठेवलं की लागतो. तीनदा बोट नेलं आणि परत घेतलं. अध्यक्ष खालीच होता, त्याचा आवाज वर येत होता. कुणीतरी त्याला विचारलं, "काका कुठे?" तो म्हणाला, "जेवायला गेले असतील. उमर झाली, पण बंदर आहे, बंदर!" मी वर श्वास धरून उभा होतो. एक हाक मारली असती तर पाच मिनिटांत अख्खी गल्ली जमली असती. अग्निशमनची गाडी आली असती. पोरांनी मोबाईल काढले असते, आणि रात्रीपर्यंत बदलापूरच्या शेवटच्या मांडववाल्याला माहीत झालं असतं की म्हाताऱ्याने स्वतःला बांधून घेतलं.

दीडच्या सुमाराला फोन वाजला. बायको.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"डब्यातलंच."

"डबा तर तुम्ही ओट्यावर विसरून गेलात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, आवाज असा का घुमतोय तुमचा? विहिरीत उतरलाय का?"

"बुर्जात आहे. काम चालू आहे. ठेव."

"कुणाशी बोलताय, माहितीये ना? काय झालंय?"

"काही झालं नाही म्हटलं ना!" मी फोन बंद केला. ओरडताना पाय घसरला आणि मांडी फुलीच्या फटीत गेली. ती बाहेर काढायला किती वेळ लागला माहीत नाही. तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. मरणाला नाही. डाव्या पायाला मुंग्या येऊन तो लाकडासारखा झाला होता, आणि मला कळलं की आता वाट मोकळी असती तरी मला एकट्याला उतरता आलं नसतं. हे कळल्यावर मग पुढचा तासभर नुसता उकाडा उरला. विचार काही उरला नाही.

तीनच्या पुढे खाली आडव्या बांबूवर कुणाच्या तरी पायाचा आवाज आला. एकच माणूस. चढणं ओळखीचं होतं. मुलगा फुलीच्या खाली येऊन थांबला. माझ्या तळव्यांपासून हातभर खाली त्याचं तोंड होतं.

"आईने फोन केला," तो म्हणाला.

"तुझ्या आईला काम नाही."

त्याने फुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फुलीकडे. मला वाटलं आता हसेल. हसला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"कैची स्वतःच्याच पायाखाली बांधलीत," तो एवढंच म्हणाला.

"खाली कोणाला माहितीये?"

"कोणाला नाही. माणसं झालर लावतायत. मी म्हटलं, वर दिव्याची वायर बघून येतो."

त्याने कंबरेचं पातं काढलं.

"काथ्याला लावायचं नाही," मी म्हणालो.

"बाबा, गणपती अजून आला नाही."

"कोयता खाली गेला. कुंकू लागलं. लावायचं नाही."

"मग काय विसर्जनापर्यंत राहणार वर? दहा दिवस? प्रसाद पोचवू इथे?"

"राहीन."

"राहाल हो, तुमचा काय भरवसा." तो चिडला होता, पण आवाज बारीक ठेवून चिडला होता. त्याने गाठीला बोटं लावली, दोन-तीन मिनिटं झटला. मग बोटं झटकून म्हणाला, "सुटत नाही. काय गाठ आहे ही!"

त्या अवस्थेतही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

 खालून ढोलवाले ढोल आवळत होते त्याचे ठोके येत होते. मग तो म्हणाला, "काथ्याला पातं लावायचं नाही ना? बांबूला करवत चालेल?"

 मला गुरूने काथ्याचं सांगितलं होतं. बांबूचं काही सांगितलं नव्हतं.

"चालेल?"

"फुलीतला एक बांबू गेला तर सुई कलेल," मी म्हणालो.

"म्हणून आधी सुईला कमरेपाशी दोन आडवे बांधा तुम्ही. मी देतो खालून. ते भार घेतील. मग मी तुमच्या उजव्या पायाखालचा कापतो."

बरोबर होतं. सकाळीच असं बांधायला हवं होतं. मी सुचवायला हवं होतं, आणि सुचवलं त्याने. तो खाली गेला, वायर हवी म्हणून ओरडला आणि पत्र्याआडून दोन लहान बांबू, करवत आणि काथ्याची गुंडी वर घेऊन आला. फटीतून त्याने बांबू सरकवले. काथ्या हातात आला की हात ताळ्यावर येतात. दोन आडवे बांबू मी बांधले. चार गाठी. त्याने खालून बांबू हलवून बघितला.

"पक्के आहेत," तो म्हणाला.

"मग कसे असणार?"

करवतीचा आवाज होऊ नये म्हणून तो ढोल वाजला की चालवायचा आणि ढोल थांबला की थांबायचा. भुसा त्याच्या डोळ्यांत पडत होता. बांबू सुटला तसा त्याने तो झेलून बाजूला अडकवला. फुली उघडली. सुई जागची हलली नाही.

"या आता."

"येतो."

मी उजवा पाय सोडला. डावा उचललाच गेला नाही. माझाच पाय, मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो ऐकत नव्हता. मुलाने काही विचारलं नाही. त्याने माझा डावा घोटा धरला, उचलला आणि खालच्या बांबूवर नेऊन ठेवला.

"उजवा. अजून खाली. हां. हात बदला. आता डावा, मी धरलाय."

तसे आम्ही उतरलो. प्रत्येक पाय त्याने हाताने ठेवला. मध्ये एकदा मी सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला, तेव्हा त्याचा श्वास मला ऐकू आला. खाली आठ-दहा फुटांवर तो थांबला आणि म्हणाला, "आता इथून तुम्ही एकटे या. मी आधी बाहेर जातो."

मला कळलं तो काय करतोय. मी बांबू धरून तिथेच उभा राहिलो, पायात रक्त येईपर्यंत. मग एकटा उतरलो आणि मागच्या कनातीतून बाहेर आलो.

अध्यक्ष धावत आला. "काका! कहाँ थे आप? अंदर ही थे? क्या बनाया है, असली से भी भारी!" त्याने माझ्या गळ्यात हार घातला. कामगारांपैकी ज्याने लिहून देता का विचारलं होतं, तो म्हणाला, "काय मिस्त्री, उतरले का एकटेच?"

मुलगा दिव्यांची वायर गुंडाळत होता. त्याने वर बघितलं नाही.

मी "हो" म्हणालो नाही. "नाही" पण म्हणालो नाही. पाणी मागितलं. चार लोटे प्यायलो. सहाला गणपती आला, बुर्जाचे दिवे लागले, लोकांनी माना वर करून फोटो काढले. वर एक बांबू कमी आहे हे कुणाला दिसणार होतं?  घरी बायकोने पाय शेकायला गरम पाणी दिलं. मांडीवरचं निळं बघून ती म्हणाली, "काम चालू होतं का?" मी पाय बादलीत घातले.

झोप लागली नाही. कुणालाच माहीत नव्हतं, हेच सारखं टोचत होतं. माहीत असतं तर सोपं गेलं असतं. लोकांनीच मला बोलायला लावलं असतं. आता मलाच ठरवायचं होतं की तो शब्द मी लोकांना दिला होता की अजून कुणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बदलापूरला कात्रपला एका मंडळाची कमान बांधायची राहिली होती, ती दुपारच्या आत उभी करायची होती. मी आंघोळ करून टेम्पोत बसलो. तिथे सहाही माणसं आली होती. पहिली गाठ मिस्त्रीची असते, म्हणून मुलाने रोजच्यासारखी काथ्याची गुंडी माझ्यापुढे धरली.

मी हात पाठीमागे बांधले. म्हटलं, "काल मी वर अडकलो होतो. ह्याने उतरवलं. पाय धरून. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं ना मी काय बोललो ते? मग झालं. आजपासून गाठ हा मारेल."

कुणी हसलं नाही. लिहून मागणारा खाली बघून बांबूची पानं सोलत बसला. मुलगा गुंडी हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने वाकून पहिली गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"ढिली आहे," मी म्हणालो. ढिली नव्हती.